मुलाला 'माजी चॉरिस्टर' संघाचं पत्र आलंय. हे लोक नक्की करतात काय?

मीराई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

इंग्लंडमधल्या एका कॅथेड्रलच्या (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या) गावात आम्ही बारा वर्षं आहोत. गावाचं नाव देत नाही, कारण इथे मराठी घर एकच आहे आणि ते आमचं. धाकटा आठ वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी त्याला गाताना ऐकलं आणि कॅथेड्रलच्या गायकवृंदाच्या चाचणीला पाठवलं. निवड झाली, तो चॉरिस्टर (गायकवृंदात गाणारं मूल) झाला. पुढची पाच वर्षं आमच्या घराचं घड्याळ इव्हनसाँगवर (संध्याकाळची गाऊन केलेली उपासना) चाललं. सकाळी शाळेच्या आधी सराव, संध्याकाळी पुन्हा सराव, मग उपासना. नाताळच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पोरगं कामावर. दिवाळी मात्र कधी बुडवली नाही हो, फराळाचा डबा सरावाच्या खोलीत जायचा आणि चकली पहिली संपायची.

गेल्या वर्षी आवाज फुटला. जुलैत निरोप झाला. लाल झगा परत केला, गळ्याची ती चुण्यांची पांढरी कॉलर परत केली. (इस्त्री करून करून माझे हात मोडले होते, तरी ती देताना रडले मीच.) पोरगा त्यानंतर महिनाभर घरात गुणगुणलासुद्धा नाही.

आणि आता पत्र आलंय. त्या कॅथेड्रलच्या माजी चॉरिस्टरांचा संघ आहे, वार्षिक मेळावा आहे, सभासद व्हा. यादीतली बाकी मंडळी साठी-सत्तरीची दिसतात. हा तेरा वर्षांचा. ह्याने तिथे जाऊन करायचं काय? कुणाला अनुभव आहे का?

खडूस_पुणेकर
तेराव्या वर्षी निवृत्त! आमच्याकडे अठ्ठावन्न लागतात. पेन्शनर संघच म्हणायचा हा. हयातीचा दाखला लागतो का?

डुलकी
:)) पुणेकर सुटले.
मीराई, हा तर सरळ माजी विद्यार्थी संघ झाला. वर्गणी घेणार, जेवण देणार, इमारत निधीला पैसे मागणार. आमच्या शाळेचाही आहे. व्हॉट्सॅपवर रोज सुप्रभात.

उत्तरेकडची
डुलकी, नाही हो. इतकं सोपं नाही ते.

मी डरहॅममध्ये सोळा वर्षं आहे, शेजारचे आजोबा माजी चॉरिस्टर. (ते डरहॅमचे नव्हेत, दुसरीकडचे.) दर वर्षी एका शनिवार-रविवारी ते आपल्या जुन्या कॅथेड्रलला जातात. तिथे काय होतं ते त्यांनीच मला सांगितलंय. शनिवारी दुपारी सगळे जमतात आणि आधी सराव. हो, सराव! मग त्या संध्याकाळची इव्हनसाँग आत्ताची मुलं आणि हे म्हातारे मिळून गातात. वरच्या सुरांची ओळ पोरांची, खालच्या सुरांच्या ओळी ह्यांच्या. त्यानंतर सर्वसाधारण सभा, त्यात हिशेबावरून वाद (हे वाचून घरच्यासारखं वाटेल). रात्री जेवण. रविवारी सकाळी त्या वर्षात गेलेल्या सभासदांची नावं वाचतात. मधल्या वेळात जुने विरुद्ध नवे असा क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा सामना, आणि त्यात जुने हरतात.

शाळेचा संघ आणि हा, ह्यात फरक एकच. शाळेच्या मेळाव्यात आपण पुन्हा वर्गात बसून गणित सोडवत नाही. हे लोक मात्र जे काम केलं तेच पुन्हा करतात.

शून्यषड्ज
वा, छान विषय. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे 'काम' हा शब्द का योग्य ते कळेल.

कॅथेड्रलमधली मुलं हौशी नसतात. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटलेली आहेत. जिथे हा क्रम पाळतात तिथे तारखेवरून कळतं आज काय गायचं. कुठल्याही जुन्या चॉरिस्टरला 'पंधरावी संध्याकाळ' म्हणा, तो कपाळावर हात मारेल. त्या संध्याकाळी ७८ वं स्तोत्र येतं. श्लोक ७३! इस्राएल लोकांचा अख्खा इतिहास, मिसर देशापासून दावीद राजापर्यंत, उभ्याने.

शिवाय समोरासमोर दोन बाजू असतात, डेकनाय आणि कँटोरिस. एक श्लोक ह्यांनी, एक त्यांनी. कोण कुठल्या बाजूचा हे माणूस मरेपर्यंत विसरत नाही म्हणतात.

मीराई
आमचा कँटोरिस! आणि पंधरा तारखेचं अगदी अगदी. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या झोपायचा.

अण्णा_चर्चगेट
इथे एक मुंबईचा धागा जोडतो, अवांतर वाटलं तरी वाचा.

फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं. चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च ते हेच. किल्ल्याच्या तटाला जो दरवाजा ह्या चर्चच्या वाटेवर होता तो चर्चगेट. आता लोकांना वाटतं स्टेशनजवळ एखादं चर्च असेल, आणि शोधत बसतात. तर ह्या कॅथेड्रलला गाणारी मुलं हवीत म्हणून १८६० मध्ये बिशप हार्डिंग आणि तिथल्या चॅप्लेननी शाळा काढली. आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेचं मूळ तिथे आहे. आज ज्या शाळेच्या प्रवेशासाठी मुंबईकर पालक देव पाण्यात घालून बसतात, ती मुळात पोरांनी चर्चमध्ये गावं म्हणून निघाली. मेच्या उकाड्यात झगे घालून गात असतील बिचारी.

खडूस_पुणेकर
अण्णा, म्हणजे तिथे 'प्रवेश चाचणी' म्हणजे खरोखर सा लावून दाखवा अशी होती तर.

कॉमेंट्रीबॉक्स
धाग्यावर अजून इंग्लंडचा सलामीवीर अॅलिस्टर कुकचं नाव कसं नाही?? लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा चॉरिस्टर. आठव्या वर्षी तिथल्या निवासी शाळेत. पुढे हाच माणूस कसोटी पदार्पणाला कुठे आला? नागपूरला! मार्च २००६. वेस्ट इंडिजमध्ये अ संघाबरोबर होता, ट्रेस्कॉथिक परत गेला म्हणून ह्याला बोलावलं, लांबचा प्रवास करून थेट नागपुरात. पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. मी व्हीसीएच्या जुन्या मैदानावर होतो, उन्हात भाजून निघालो. तेव्हा माहीत नव्हतं की हे पोरगं लहानपणी तासन्‌तास उभं राहून स्तोत्रं गायलंय. एकाग्रता तिथून आली असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. आता कळलं तो बाद का होत नव्हता. पंधरावी संध्याकाळ खेळत होता.

रात्रपाळी
त्याच सामन्यात पनेसारने सचिनला पायचीत केलं होतं. पहिली विकेट. जखम अजून ओली आहे.

कॉमेंट्रीबॉक्स
कशाला आठवण काढली रे.

डुलकी
धागा पळवू नका लोकहो, मीराईंचा प्रश्न राहिला बाजूला.
(पण तो पायचीत नव्हता.)

बार्देसकर
गोंयांत हो प्रकार वेगळो... बरं, मराठीतच लिहितो.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या चर्चला जोडून संगीताच्या शाळा होत्या. चर्चचा मेस्त्री (म्हणजे संगीतमास्तर) गावातल्या पोरांना सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) शिकवायचा, हातात व्हायोलिन द्यायचा आणि पोरं चर्चमध्ये गायची-वाजवायची. आवाज फुटला तरी त्यांचं काम संपत नसे, कारण हातात वाद्य होतं! त्यातलेच कित्येक पुढे मुंबईत येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, वडील चर्चचे गायनमास्तर. माझ्या मते मुंबईची रेकॉर्डिंग स्टुडिओ हीच आमच्या माजी चॉरिस्टरांची संघटना. वर्गणी नाही, उलट दर पाळीचे पैसे रोख.

इंग्लंडच्या पोरांची अडचण हीच दिसते की त्यांच्याकडे वाद्य म्हणजे गळा, आणि ते एका सकाळी काढून घेतलं जातं.

शून्यषड्ज
बार्देसकर, हे शेवटचं वाक्य फार नेमकं आहे.

आपल्याकडे संगीत नाटक कंपन्यांत हेच होतं ना. पोरसवदा गळ्याचा मुलगा नायिका करायचा, आवाज फुटला की कंपनीत त्याचं काय करायचं हा मालकापुढचा प्रश्न. कुणी टिकले, कुणी पडदे ओढायला लागले.

आणखी एक. संगीतकार बाखच्या काळी, अठराव्या शतकात, लायप्झिगला मुलांचे आवाज सोळा-सतराव्या वर्षी फुटायचे असं मानतात. आता बारा-तेरा. म्हणजे संगीत तेच, पण ते उचलायला हातात असलेली वर्षं कमी झाली. पूर्वी ज्या वयात पोरगं खरं समजून गायला लागायचं, त्या वयात आता त्याला निरोपाचा केक मिळतो.

अर्नेस्ट लफचं उदाहरण घ्या. लंडनच्या टेंपल चर्चचा मुलगा (ते कॅथेड्रल नाही, पण परंपरा तीच). १९२७ मध्ये मेंडेल्सोहनच्या गाण्याची रेकॉर्ड केली तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आणि ती रेकॉर्ड लाखांनी खपली. लोकांत अफवा काय, तर गाता गाता मेला! प्रत्यक्षात मोठा होऊन त्याच चर्चमध्ये खालच्या आवाजात गात राहिला, त्याची मुलंही तिथे गायली, आणि तो गेला २००० मध्ये.

संजना_व
मला एक विचारायचंय. सगळे 'मुलगे, मुलगे' करताय. मुली?

उत्तरेकडची
संजना, बरं झालं विचारलंत. सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला, त्यानंतर एकेक कॅथेड्रल त्या वाटेने गेलं. सेंट पॉल्सला तर नऊशे वर्षांत पहिल्यांदा मुली आल्या त्या अगदी आत्ता आत्ता. म्हणजे सॉल्झबरीच्या पहिल्या मुली आता चाळिशी ओलांडलेल्या 'माजी' आहेत. शेजारच्या आजोबांच्या संघात मुलींना घ्यायचं का, ह्यावर तीन वार्षिक सभा गेल्या म्हणे. शेवटी घेतलं. आता त्या मुलींतलीच एक चिटणीस आहे आणि हिशेब पहिल्यांदा जुळतोय.

संजना_व
हिशेब जुळतोय =)) शेवटी बायकांनाच बसवायचं वहीपुढे.

नगरी_स्टीफन
मी जन्माने ख्रिस्ती, नगरचा. आमच्याकडे चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात. तिथे 'माजी' असं कुणी नसतंच. लहानपणी पुढे बसायचं, मोठं झालं की मागे, म्हातारं झालं की पुन्हा पुढे, कारण ऐकू येत नाही. त्यामुळे गाणाऱ्याला तेराव्या वर्षी झगा परत करायला लावणं ही कल्पनाच मला विचित्र वाटते. संघ चांगलाच असेल, पण आधी जखम करायची आणि मग मलमपट्टीला संघ काढायचा असं काहीसं आहे हे.

मीराई
स्टीफनजी, हे वाचून थांबले जरा. जुलैपासून मला जे टोचत होतं ते हेच असावं.

विलायती_काका
उशिरा आलो. पंचावन्न वर्षं ह्या देशात काढली, माझा मोठा मुलगा सत्तरच्या दशकात अशाच एका ठिकाणी गात होता. नाव घेत नाही. तो आज साठीच्या घरात आहे. एकदाही मेळाव्याला गेलेला नाही आणि जाणार नाही.

तिथले एक शिक्षक मुलांना मारायचे. चुकीचा सूर लागला की बोटांवर पट्टी. रात्री वसतिगृहात रडायचं नाही असा नियम. आम्हाला तो हे पंचवीस वर्षांनी बोलला. दर वर्षी संघाचं पत्रक यायचं, त्यात 'ते सोनेरी दिवस', आणि त्याच शिक्षकांच्या नावाने बक्षीस. आम्ही ते पत्रक न फोडता टाकत असू. इंग्लंडच्या चर्चमधल्या लहान मुलांवरच्या अत्याचारांची स्वतंत्र चौकशी झाली, २०२० मध्ये अहवाल आला, त्यानंतर कुठे मुलाने संघाला एक पत्र लिहिलं. नव्या अध्यक्षांनी घरी येऊन दोन तास ऐकून घेतलं. बक्षिसाचं नाव बदललं.

मीराई, तुझ्या लेकाचे दिवस वेगळे आहेत, आता नियम कडक आहेत, मला ठाऊक आहे. पण जे येत नाहीत त्यांचाही तो संघ असतो, एवढं लक्षात राहू दे.

अण्णा_चर्चगेट
काका, नमस्कार. लिहिलंत ते बरं केलंत.

डुलकी
काका, माझा वरचा 'सुप्रभात' विनोद मागे घेतो.

रात्रपाळी
विषय थोडा हलका करू का? ह्या कॅथेड्रलांतल्या प्रथा भन्नाट आहेत, रात्री बसून शोधत होतो. सॉल्झबरीला नवीन मुलगा आला की त्याचं डोकं एका दगडावर (हळू!) आपटतात, मग तो खरा चॉरिस्टर. हेरेफर्ड आणि सॉल्झबरीत डिसेंबरमध्ये 'बालबिशप' निवडतात. 'बलवंतांना आसनावरून खाली ओढले' ह्या अर्थाची ओळ गाताना खरा बिशप खुर्चीतून उठतो आणि पोरगं तिथे बसतं. टोपी, दंड, सगळं त्याच्याकडे. आणि प्रवचनही तोच देतो.

@उत्तरेकडची, डरहॅमला मनोऱ्यावरून गातात ते खरं का?

उत्तरेकडची
खरं आहे. १३४६ ची नेव्हिल्स क्रॉसची लढाई, इंग्रज विरुद्ध स्कॉट, त्याची आठवण म्हणून. वर्षातून एकदा मुलं मधल्या मनोऱ्यावर चढतात, पायऱ्या ३२५, आणि तीन दिशांना तोंड करून गातात. चौथ्या दिशेला नाही. पूर्वी तिकडून एक मुलगा खाली पडला होता असं सांगतात. आम्ही खाली हिरवळीवर उभे असतो. वारा असेल तर निम्मं ऐकूच येत नाही, पण चौथी बाजू आली की सगळे आपोआप गप्प होतात.

आणि संघांबद्दल राहिलेलं. त्यांचा एक महासंघ आहे, १९१० पासूनचा. दर वर्षी वेगळ्या कॅथेड्रलला मेळावा. म्हणजे तुमचा मुलगा पुढे कुठल्याही गावी शिकायला गेला तरी तिथे कुणीतरी ओळखीचं निघतं. पैशांचा प्रश्न डुलकींनी काढला होता. हो, मागतात. पण ते बहुतेक गाणाऱ्या मुलांच्या शिकवणीला, वाद्याच्या फीला, दौऱ्याला जातात. सरावाच्या खोलीतला जुन्या नावांचा फळा रंगवणं, कागदपत्रं-फोटो जपणं हेही तेच करतात. १९५६ पासून कॅथेड्रलच्या संगीतासाठी पैसा उभा करणारी वेगळी मंडळीही आहेत, पण ती श्रोत्यांची. इव्हनसाँग ऐकायला तिकीट नाही हे लक्षात घ्या, आणि गायकवृंद चालवणं स्वस्त नाही.

रात्रपाळी
मी नाशकात बसून बीबीसीवर बुधवारची इव्हनसाँग ऐकतो. १९२६ पासून चालू आहे. एक शब्द कळत नाही, पण झोप छान लागते.

खडूस_पुणेकर
सवाईला पहाटे तीनला मला असंच व्हायचं.

शून्यषड्ज
मीराई, मूळ प्रश्नाला माझं उत्तर. पाठवा. पण सभासद म्हणून नंतर, आधी नुसतं गायला.

त्याला एक गंमत कळेल जी आता कुठल्याच दुसऱ्या ठिकाणी कळणार नाही. तीच गाणी त्याला पाठ आहेत, पण फक्त वरची ओळ. आता आवाज खाली गेल्यावर त्याच गाण्यात त्याला बेसची ओळ म्हणायची आहे. पाच वर्षं ज्या इमारतीच्या गच्चीवर खेळला तिचा तळमजला पहिल्यांदा बघणार तो. माझा एक मित्र असाच गायचा, तो म्हणाला की पहिल्या वेळी त्याला स्वतःची ओळ लागेचना, कान सारखा पोरांच्या ओळीकडे धावायचा.

नगरी_स्टीफन
हे मात्र पटलं. माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे. अर्धा ठेवतो.

मीराई
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. जाऊन आलो.

त्याला काही समजावलं नाही. काकांचा प्रतिसाद मात्र वाचायला दिला (काका, न विचारता दिला, रागावू नका). त्याने वाचला आणि म्हणाला, "मी जाऊन बघतो." मग क्रिकेट आहे हे कळल्यावर उत्साह जरा वाढला.

दुपारी सरावाला गेला तर शेजारी एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "डेकनाय की कँटोरिस?" हा म्हणाला कँटोरिस. ते म्हणाले, "मग इकडे ये, माझ्याकडे." बेसची ओळ ह्याला खरंच लागेना. दोनदा वरच्या ओळीवर गेला आणि आवाज चिरकला, समोरची लहान पोरं फिदीफिदी हसली. त्यातली दोन मागच्या वर्षी ह्याच्याच हाताखाली होती. आजोबांनी पानावर बोट ठेवलं आणि उपासना संपेपर्यंत काढलं नाही.

क्रिकेटमध्ये जुने हरले. ह्याला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं एका नऊ वर्षांच्या मुलीने.

येताना गाडीत झोपला नाही. खालची ओळ म्हणत होता, चुकत चुकत. मी एक डबा चकली नेली होती, ती चिटणीस बाईंनी सभेत विषयपत्रिकेवर घेतली. पुढच्या वर्षी दोन डबे आणायचा ठराव मंजूर झालाय. तर भाजणीची ती जुनी पाककृती इथे कुणीतरी टाकली होती, दुवा सापडत नाहीये. कुणाकडे आहे का?

विलायती_काका
रागावलो नाही. मुलाला फोनवर वाचून दाखवलं. नऊ वर्षांच्या मुलीने त्रिफळा उडवला तिथे हसला.

डुलकी
भाजणी: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूगडाळ अर्धी, धणे-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवा, मग भाजा.

खडूस_पुणेकर
उडीद डाळ एक नाही, पाऊण. धागा आता खरा सुरू झाला.